तलाठ्याचं बाळंतपण

दिवेआगरात ज्या बाईने मूल जन्माला घातलंय, तिने ठमाबाईचा मार खाल्लेला आहे. मार म्हणजे मालिश. पण खाणाऱ्याला फरक कळत नाही. बाळंतीण घरी आली की दुसऱ्या दिवशी सकाळी ठमाबाई दारात हजर. तेल कोमट करायचं, बाळंतिणीला पाटावर बसवायचं आणि मग पाठ, कंबर, पोटऱ्या अशा रगडायच्या की शेजारच्या वाडीत ऐकू जावं. मग कढत पाणी. मग खाटेखाली निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशेपा टाकून धुरी. एवढं झालं की बाळाची पाळी. बाळाशी मात्र हीच बाई दुसरी होई. भिंतीला टेकून पाय लांब करून बसे, बाळ पायांवर पालथं घेई, आणि थोड्या वेळापूर्वी ज्या हातांनी माझी कंबर पिळून काढली होती, ते हात इतके हलके होत की पोर आळस देऊन तिथेच झोपी जाई.

माझी दोन्ही बाळंतपणं तिनेच काढली. त्या काळात तिने मला ज्या ज्या अवस्थेत पाहिलं, त्यानंतर एकमेकींना अहोजाहो करायला जागाच उरली नाही. मी तिला 'अगं ठमाबाई' म्हणते, ती मला 'वैनी' म्हणते आणि वर ओरडते.

मूळची ती म्हसळ्याच्या वरच्या अंगाच्या एका कुणबी गावातली. नवरा रघू आमच्या सुपारीच्या वाडीत गडी म्हणून आला आणि दोघं इथलीच झाली. रघू जाऊन आता बरीच वर्षं झाली. वाडीच्या मागच्या टोकाला, विहिरीपलीकडे, दोन खोल्यांचं घर आहे. मी पुढे पर्यटकांना मासे रांधून घालते, ती मागे राहते. एकटी. म्हणजे ती आणि तलाठी.

तलाठी हे कासव आहे. काळं, चांगलं परातीएवढं. वादळात आमची अर्धी वाडी आडवी झाली, त्या वर्षी ठमाबाईची लेक पूनम घरी होती. नर्सिंग शिकत होती, कॉलेज बंद होतं. पडलेल्या सुपाऱ्या उचलताना विहिरीच्या काठाशी तिला हे सापडलं, पाठीची कड फुटलेली, अर्धमेलं. आम्ही माणसं तेव्हा छपराविना बसलो होतो, कासवाकडे बघायला कोणाला सवड? पूनमने त्याची जखम धुतली, औषध लावलं आणि त्याला जगवलं. नावही तिनेच ठेवलं. गरज असताना शोधून सापडत नाही आणि नको तेव्हा दारात उभा असतो, म्हणून तलाठी. तेव्हापासून तो आमच्या वाडीतच आहे. शिंपण्याच्या पाटातून हिंडतो, गोगलगायी खातो, पडलेली पपई खातो. शिमगा झाला की विहिरीमागे नारळाच्या सोडणांचा, सोललेल्या सालांचा, ढीग असतो त्याच्या तळाशी शिरतो आणि उन्हाळाभर झोपतो. वैशाख सरता सरता हवा दमट झाली की उठतो.

पूनम शिकली, नर्स झाली, पेणजवळच्या निकेतशी तिने लग्न केलं. मुलगा चांगला आहे. नावं ठेवायला जागा शोधून पाहिली, मिळाली नाही. दोघं मस्कतला गेली. पण फोन यायचा आणि तो तासभर चालायचा, कारण ठमाबाई फोन हातात धरून वाडीभर तलाठ्याच्या मागे फिरायची. तिला फोन नीट धरता येत नाही. पलीकडे निम्मा वेळ तिचं कपाळ दिसतं आणि निम्मा वेळ आभाळ. पूनम तिकडून ओरडायची, आई खाली धर, आई मान दाखव त्याची, आई तो काय खातोय. त्या गडबडीत काय जेवलीस, अंग कसं आहे, निकेत भांडतो का, हे सगळं विचारून होत असे.

गेल्या गणपतीत बातमी आली, पूनमला दिवस गेलेत. ठमाबाईचं पाऊल जमिनीवर ठरेना. पहिलं बाळंतपण माहेरीच, हा तर आपल्याकडे कायदाच. तिने नारळ निवडून घेतले, खोबरं वाळवलं, घाण्यावर नेऊन तेल काढून आणलं. शेपा निवडला, हळीव आणला. माझ्याकडून जुनी मऊ लुगडी मागून नेली आणि त्यांची दुपटी शिवली. "पूनमची पाठ ल्हानपणापास्नं नाजूक हाय," मला सांगे. "तिला हलक्या हातानं घेईन."

"मला नाही कधी हलक्या हाताने घेतलंस?"

"तू कुठं माझी हायस?" ती म्हणाली. खरं बोलायची तिची हीच पद्धत आहे.

संक्रांतीनंतर पूनमचा फोन आला. रजा पुरत नाही, आता विमानाने प्रवास नको म्हणतात, आणि सासूबाई तिकडे यायला तयार आहेत. सासूबाईंकडे, सगुणाताईंकडे, पासपोर्ट होता. ठमाबाईकडे नव्हता. पण तुझा काढू या का, असंही तिला कोणी विचारलं नव्हतं. तो फोन मी ऐकला. ती विहिरीवर उभी राहून, फोन स्पीकरवर टाकून बोलत होती आणि ठमाबाईचं बोलणं ऐकायला कान लावावा लागत नाही.

"गावच्या लेकी माझ्या हातनं न्हायल्या, आनी माझी लेक तेवढी परक्याच्या हातात?"

पूनम समजावत होती. समजावता समजावता म्हणाली, "आई, इथं कोन तेलबिल लावत न्हाय गो. हास्पिटलात नकोच सांगतात."

हे तिने बोलायला नको होतं. ठमाबाई म्हणाली, "बरं. ऱ्हाऊ दे. त्या पोराला माझं नावबी सांगू नको."

शिमग्यानंतर पूनमला मुलगा झाला. ठमाबाईने आळीत पेढे वाटले, रीतीत कसूर केली नाही. बायकांनी फोटो दाखव म्हटलं तर फोन चार्जिंगला आहे म्हणाली. फोटो आला होता, तिने तो उघडलाच नव्हता. मायलेकी दोघी एकाच घडणीच्या, नाकावर माशी बसू देत नाहीत. पूनमला शुक्रवारी सुट्टी. शुक्रवारी फोन येई.

"आई, तलाठी कसा हाय?"

"झोपलाय."

"बरं. ठेवते."

"ठेव."

संपलं. बाळाचं ही विचारत नसे, ती सांगत नसे. चैत्र गेला, वैशाख लागला, फोन तेवढाच. एकदा मी न राहवून म्हटलं, अगं, तूच विचार ना, नातू कसा आहे. त्यावर ती म्हणाली, "तलाठी उठू दे. त्याला बघितलं की पूनम फोन ठेवायची न्हाय. घटकाभर बोलंल. मग मी हळूच म्हनेन, आता तुझंबी दाखव की."

म्हणजे एका कासवाच्या उठण्यावर हा सगळा डोलारा उभा होता. सकाळ-संध्याकाळ ती सोडणांच्या ढिगासमोर बसून राही. आमच्याकडे उतरलेल्या पुण्याच्या एका बाईंनी मला विचारलं, त्या आजी तिथे कसलं व्रत करतात? मी म्हटलं, आहे एक, आमच्याकडेच असतं.

ती कामाला मात्र जात होती. एकदा मला सहज बोलता बोलता म्हणाली, "वैनी, दुसऱ्याच्या पोराला तेल लावते ना, तवा हल्ली तोंड बघत न्हाय त्याचं. डोळं मिटून घेते. म्हनते, हाच तो." आणि माझ्या हातातली कोथिंबीर घेऊन निवडायला बसली.

आणि एक दिवस तलाठी उठला. पण काय अवतार! डोळे चिकटलेले, मानेची कातडी सुकून लोंबत होती, पाठीवर मातीचे पापुद्रे. चार पावलं टाकी आणि थांबे. दरवर्षी उठल्यावर त्याचं काय करायचं ते पूनमलाच ठाऊक. लग्नानंतरही तीच फोनवरून सांगे, आई घमेलं घे, पाणी एवढंच घाल, आता काढ. यंदा सांगायला पूनम हवी होती, आणि पूनमला दाखवायला तलाठी ठणठणीत हवा होता.

"असा दाखवला तर म्हनंल, आईनं हाल केलं," ठमाबाई म्हणाली. "जरा मानसात आनते त्याला. मग लावते फोन."

मे महिना, माझ्याकडे सगळ्या खोल्या भरलेल्या. मी त्या गडबडीत विसरून गेले. दोन-चार दिवसांनी ताटं वाढताना मागच्या बाजूने ओव्याच्या धुरीचा वास आला. मी चमकले. आळीत तर कोणी बाळंत झालेलं नव्हतं. हात पुसत मागे गेले.

तलाठी पाटावर बसलेला. तेलाने असा चकाकत होता की रंगवून ठेवलाय असं वाटावं. मानेला नि पायांना हळद-बेसन चोळलेलं. शेजारी निखाऱ्यांची पाटी, तिच्यातून धूर, आणि तो धूर वाया जाऊ नये म्हणून ठमाबाई त्याच्यावर वेताची टोपली धरून बसलेली. मला हसू आवरेना. "अगं, हा काय बाळंत झालाय?"

"हसतेस काय? येवढे म्हयने मातीत निजला. अंगात वारं शिरलंय त्याच्या. सांधं धरल्यात."

"हळीवही दिलास?"

"दिला की. खात न्हाय मेला."

करायला गेली गणपती आणि झाला मारुती. तलाठ्याची कातडी पांढरी होऊन सालं निघावीत तशी निघायला लागली. पाय जिथून फुटतात तिथे लाल झालं. कातडी फुटतेय म्हणून हिने आणखी तेल लावलं. मग त्याच्या नाकातून बुडबुडे यायला लागले आणि अंगाला वास सुटला. तो मान आत घेऊन पडून राहिला, हात लावला तरी हलेना.

शुक्रवारी फोन आला तेव्हा मी तिथेच होते. तलाठी समोर घमेल्यात पडलेला.

"आई, उठला का?"

"न्हाय अजून," ठमाबाई म्हणाली. मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

"यंदा उशीर झाला, न्हाय?" पूनमच्या आवाजात काळजी होती. त्या काळजीपायी ती दोन वाक्यं जास्त बोलली. "आई, सोडणं जरा बाजूला करून बघ ना. श्वास घेतोय का बघ."

"बघते."

फोन ठेवला आणि ठमाबाई घमेल्याशेजारी येऊन बसली. "वैनी, ह्यो मेला तर ती मला फोन कशाला करंल गो? माझ्याशी बोलायला दुसरं काय ऱ्हायलंय तिच्याकडं?" आणि ती रडायला लागली. इतक्या वर्षांत मी तिला रघू गेला तेव्हा रडताना पाहिलं होतं, त्यानंतर आत्ता. मला पूनमचा राग आला, त्या मस्कतचा राग आला, आणि एवढं सगळं ज्याच्या पाठीवर लादलं होतं त्या बिचाऱ्या कासवाची कीव आली. मी पदर खोचला आणि श्रीवर्धनला फोन लावला.

तिथली जनावरांची डॉक्टर राही म्हणून एक तरुण मुलगी आहे. आमच्या आळीतल्या गाईंसाठी येत असते. संध्याकाळी आली. तलाठ्याला उचलून खालून-वरून पाहिलं, मग तेलकट झालेलं बोट स्वतःच्या नाकाशी नेलं आणि विचारलं, "हे खोबरेल आहे?"

"घाण्याचं," ठमाबाई अभिमानाने म्हणाली.

मग डॉक्टरीणबाई जे बोलल्या ते गोड नव्हतं, पण खरं होतं. झोपेतून उठलेल्या कासवाची कातडी आधीच कोरडी आणि नाजूक असते. त्याला हवं असतं पाणी, आतूनही आणि बाहेरूनही. तेलाने सगळं बंद होतं, खाली ओल धरते आणि बुरशी वाढते. बेसनाने घासलं तिथे सोललंय. धूर छातीत गेलाय. त्यांनी एक सुई टोचली आणि काय करायचं ते सांगितलं: सकाळी घमेल्यात कोमट पाणी, त्याची हनुवटी वर राहील एवढंच, त्यात त्याला थोडा वेळ बसू द्यायचं म्हणजे तो पिईल, भिजेल, तेलही हळूहळू सुटेल. बाहेर काढून मऊ फडक्याने टिपायचं, लाल जागेवर औषधाचं पाणी लावायचं. कोवळं ऊन आणि बाजूला सावली, त्याला हवं तिकडे तो जाईल. खायला समोर ठेवायचं, कोंबायचं नाही.

"आणि आजी, हा रानचा जीव आहे. असा पाळायला कायद्याने बंदी आहे."

"पाळलाय कुठं? शेजारी हाय तो आमचा."

डॉक्टरीणबाई हसल्या. "मग शेजाऱ्यासारखंच वागवा. उचलून पाण्यात ठेवायचा, उचलून काढायचा. बाकी हात लावायचा नाही."

"मग मी करू काय?"

"काही नाही. काही न करणं हेच त्याचं औषध."

ठमाबाईला आयुष्यात हे औषध कोणी सांगितलं नव्हतं. कोणी दुखतंय म्हटलं की तिचे हात आपोआप पुढे होतात. आता ते पुढे झाले की ती मागे घेई. घमेल्याशेजारी बसून राही, हात मांडीखाली दाबून. सकाळी त्याला उचलून पाण्यात ठेवी, मग काढून टिपी, औषध लावी, आणि उरलेला दिवस नुसतं बघत बसे. माझ्याकडे पाहुण्यांची धुणी पडलेली असत, ती हिला देऊन पाहिली. धुतली, आणि परत येऊन बसली.

त्या दिवसांत बोर्लीहून तिला बोलावणं आलं. पहिलटकरीण, जुळी मुलं, लोक रिक्षा घेऊन दारात आले. ठमाबाई गेली नाही. मी ओरडले तिच्यावर. तर म्हणाली, "माझा हातगुण गेला, वैनी. पूनम बरोबर म्हनत व्हती. तेल नको, म्हनत व्हती. मी काय आयकलं न्हाय. बरं झालं ती आली न्हाय हितं. येवढंसं पोर त्ये, माझ्या हातनं काय झालं असतं तर?"

"अगं, आख्खं गाव तुझ्या हातून न्हायलंय. कोणाला काय झालं?"

"गावाचं सांगू नको," ती म्हणाली. गावाला पुरलेले हात जिच्यासाठी राखून ठेवले होते तिनेच नको म्हटले, हे तिच्या काळजाला लागलं होतं, आणि त्यावर वरून कासवाने साक्ष दिली होती. मला फार वाटलं, पूनमला एकदा फोन करून चांगलं फैलावर घ्यावं. पण मायलेकींच्या मध्ये पडणारा दोन्हीकडून मार खातो, म्हणून गप्प बसले.

मधला शुक्रवार 'न्हाय अजून' यावरच गेला.

तलाठी मात्र चिवट. आधी नाकातले बुडबुडे थांबले. मग एक डोळा उघडला, मग दुसरा. पांढरी सालं गळून खाली काळी, ओलसर नवी कातडी दिसायला लागली. एका सकाळी ठमाबाई माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि काही न बोलता हाताने मला ये-ये करायला लागली. जाऊन पाहते तर तलाठी पपईच्या फोडीला तोंड लावत होता. आम्ही दोघी बायका तिथे उकिडव्या बसून एक कासव पपई खाताना असं बघत होतो की आमच्या पाहुण्यांनी चहा मिळण्याची आशा सोडली असावी.

डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या, बरोबर वनखात्याचा माणूस घेऊन. त्याने तलाठ्याला पाहिलं, विहीर पाहिली, वाडी पाहिली, आणि म्हणाला, याची जागा हीच आहे, इथेच राहू दे. फक्त आता घमेलं नको, उचलणं नको. ठमाबाईने त्याला शेवटचा उचलला आणि शिंपण्याच्या पाटाशी ठेवला. तो जरा थांबला, मान बाहेर काढली, आणि सुपारीच्या गर्दीत शिरला. मागे वळून बघणाऱ्यांतला तो नव्हेच.

त्यानंतरच्या शुक्रवारी तिने मला बोलावून घेतलं. "फोन तू धर. माझ्यानं धरवनार न्हाय."

मी धरला. पूनमचं तोंड दिसलं. वाळलेलं, केस कसेतरी बांधलेले. "आई, उठला का?"

"उठला," ठमाबाई म्हणाली. "कवाच उठला. मी तुला खोटं सांगितलं."

पूनमला काही कळेना. "मग दाखव ना."

"न्हाय दाखवता येत. गेला वाडीत. आता त्याला धरायचा न्हाय म्हनून सांगितलंय." आणि मग तिने सगळं सांगून टाकलं, काही न राखता. तेल लावलं, हळद-बेसन चोळलं, धुरी दिली, कातडी सोलली, मरायला टेकला होता, डॉक्टर आणली, आता बरा आहे.

"कासवाला तेल, आई?" पूनमच्या तोंडून नर्सच बोलली. "धुरी? अगं, कुनी सांगितलं तुला?"

"कुनी न्हाय. तुझ्यासाठी काढून आनलेलं व्हतं ना. कुनाला तरी लावायचं व्हतं."

मला वाटलं लाइन गेली. फोन हलवून पाहिला, तर पूनम तशीच बघत होती, तोंडावर हात ठेवून. ठमाबाई मान खाली घालून बसलेली. आता पूनम 'बरं, ठेवते' म्हणणार, या भीतीने मी फोन ठमाबाईच्या तोंडासमोर नेला.

तेवढ्यात तिकडे मूल रडायला लागलं. बारीक, चिडलेलं, थांबून थांबून. पूनम उठली नाही. "आई," ती म्हणाली, "सासूबाय गेल्या परत. व्हिसा संपला. निकेत कामावर. ह्यो सारखा रडतो गो. अंग आखडून घेतो. मी हास्पिटलात दुसऱ्यांची पोरं एका हातानं न्हाऊ घालते, आनी ह्याला घेतला की माझं हात कापतात. हितले डॉक्टर आता म्हनतात, हलक्या हातानं तेल लावा. कसं लावू? तू सांग ना."

ठमाबाईने आपल्या हातांकडे बघितलं. "माझं नको आयकू. मी त्या तलाठ्याला..."

"आई, ह्यो तलाठी न्हाय." पूनम आता रडत होती, लपवत नव्हती. "मानसाचं पोर हाय. तुझं हाय."

ठमाबाई सरकत सरकत भिंतीपर्यंत गेली, टेकली आणि पाय लांब केले. "टेकून बस," ती म्हणाली. आवाज बदलला होता. बाळंतिणीच्या घरात शिरल्यावर होतो तो झाला होता. "पाय लांब कर. दोन्ही जुळव. वाटीत तेल घे, बोटं बुडतील येवढंच. हातावर चोळ आधी, पोराच्या अंगावर ओतू नको."

पूनमने फोन कशाला तरी टेकवून ठेवला. आम्हाला तिचे लांब केलेले पाय दिसले, आणि त्यांवर रडून लाल झालेला, मुठी आवळलेला एक गडी. ठमाबाईने नातवाला पहिल्यांदा बघितलं. तिने आपले दोन्ही हात आपल्या रिकाम्या पायांवर, हवेत, तो जिथे असता तिथे धरले.

"छातीवर दोन्ही हात ठेव. मधनं भायेर. हां. घाई न्हाय. आता खांदं." तिचे हात हवेत फिरत होते आणि तिकडे पूनमचे हात त्यांच्यामागून. "आता पालथा कर, मान सांभाळ. पाठीवरनं खाली ये, कंबरेपत्तुर..." आणि ती मध्येच थांबली. हात तसेच अधांतरी.

"काय झालं, आई?"

"पूनम, केवढा जड हाय गो तो? माझ्या पायावर वजनच न्हाय. वजन कळल्याबिगर हाताला जोर कळत न्हाय."

"साडेपाच किलो."

"किलो वान्याला सांग. मला सांग केवढा हाय."

पूनमने बाळाच्या पाठीवर हात ठेवला आणि विचार केला. मग म्हणाली, "दोन तलाठी एकावर एक ठेवले ना, तेवढा."

मला हसू फुटलं. पूनमलाही, रडता रडता. ठमाबाई हसली नाही. तिने दोन्ही तळवे वर केले, पायांवर आडवे धरले, आणि कोणीतरी खरंच त्यांत ठेवावं तसे ते जरासे खाली जाऊ दिले. तिकडे मूल रडायचं थांबलं होतं.

"व्हय," ती म्हणाली. "आता कळला."